सुती दोरीचा एचएस कोड नक्की कुठला? ५२०५, ५६०७ की ५६०९?

टॉवेलवाला_एमआयडीसी
नमस्कार मंडळी. एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीत मालाची वर्गवारी दाखवणारा आकडा, त्याचाच प्रश्न आहे. आमचं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. मागच्या वर्षापासून दोरीचं मशीन टाकलंय, कारण टॉवेलच्या ऑर्डरी कमीजास्त होतात आणि मॅक्रमेच्या (गाठी मारून शोभेच्या वस्तू करायच्या) सुती दोरीला बाहेर चांगली मागणी आहे. आता जर्मनीचा एक बायर तीन प्रकार मागतोय. एक, १ मिमीची बारीक दोरी, पीळ दिलेली, १०० मीटरचा गोळा. दोन, ३ मिमीची तीनपदरी पिळाची दोरी. तीन, ५ मिमीची वेणी घातलेली गोल दोरी, वरून सूत आणि आत पॉलिस्टरचा गाभा.
आता गोंधळ असा की आमचा सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणतो सगळं ५६०७ मध्ये टाका, दोरी ती दोरी. बायर म्हणतो पहिलं ५२०५ आहे म्हणजे सूत. आणि ओळखीचे एक कन्सल्टंट आहेत ते म्हणाले ५६०९ लिहा, त्यात सगळं बसतं. तिघांचं तीन तऱ्हेचं. माल पुढच्या महिन्यात न्हावाशेवाला जायचाय. कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? कोड चुकला तर तिकडं बायरला ड्युटीचा फरक पडतो आणि पुढची ऑर्डर जाते, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

कडकभाकरी
आमचे मित्र दरवेळी मागच्या इनव्हॉइसचा कोड उचलून टाकतात, कुणी काही विचारलं नाही आजवर.

बार्शी_लाइट
@कडकभाकरी कुणी विचारलं नाही म्हणजे बरोबर आहे असं नव्हे हो. माझ्याकडे तागाच्या सुतळीची जुनी फाईल आहे, त्यात ५६०७१० लिहिलंय. तो सबहेडिंग (पहिले चार आकडे हेडिंग, सहा आकडे सबहेडिंग) २००७ च्या एचएसमध्ये काढून टाकला, तागाची सुतळी आता ५६०७९० मध्ये गेली. आजही लोक जुन्या फाईलीवरून तोच आकडा टाकायला बघतात आणि सिस्टीम घेत नाही म्हणून डोकं धरून बसतात. एचएस साधारण पाच-सहा वर्षांनी बदलतो, सध्या २०२२ ची आवृत्ती चालू आहे. जुनं इनव्हॉइस हा पुरावा नाही.

न्हावाशेवाकर
मी कस्टम्स ब्रोकरकडे बरीच वर्षं काढली आहेत, मूळ माढ्याचा. जरा सविस्तर लिहितो कारण या दोरीच्या बाबतीत लोक नावावर जातात आणि तिथंच फसतात. बायर काय म्हणतो, कन्सल्टंट काय म्हणतो ते बाजूला ठेवा. वस्तू हातात घ्या आणि बघा : पिळाची आहे की वेणीची, आणि एका मीटरचं वजन किती.

टॅरिफच्या, म्हणजे कस्टम्सच्या कोडांच्या यादीच्या, अकराव्या सेक्शनला, म्हणजे सगळ्या कापडउद्योगाच्या सेक्शनला, टीप क्रमांक ३ आहे. सूत कुठं संपतं आणि दोर कुठं सुरू होतो ते तिथं लिहिलंय. सुताचं माप डेसिटेक्समध्ये असतं, म्हणजे १०,००० मीटरचं वजन ग्रॅममध्ये. कापूस, ताग, अंबाडी असल्या वनस्पतीच्या धाग्यांना हद्द आहे २०,००० डेसिटेक्स. हिशोब सोपा करा : मीटरला २ ग्रॅम. त्याच्या वर गेलं की दोर, ५६०७. त्याच्या आत राहिलं की सूत, मग कापसाला ५२०५ ते ५२०७. मानवनिर्मित धाग्याला हद्द निम्मी, १०,००० डेसिटेक्स म्हणजे मीटरला १ ग्रॅम. काथ्याला तर वजन बघतच नाहीत, तीन किंवा जास्त पदर असले की दोर, दोन पदरांचा कितीही जाड असो तो ५३०८ मधलं काथ्याचं सूत.

हे सगळं पिळाच्या मालाला. वेणी घातलेली, घट्ट गोल दोरी असली तर वजन कितीही असो, ती ५६०७ मध्येच. तेव्हा मालक, तुमचा तिसरा नग तर वजन न करताच ५६०७ मध्ये गेला. पहिल्या दोघांना तराजू लागणार. दहा मीटर मोजून कापा, सराफाकडच्या काट्यावर ठेवा, २० ग्रॅमच्या वर की आत तेवढं सांगा.

गाठीगाठी
न्हावाशेवाकर दादा, खूप खूप धन्यवाद, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मी जुळे सोलापुरात घरून मॅक्रमेचे क्लास घेते आणि दोरी इथूनच घेते. एक शंका, सगळ्या वेण्या ५६०७ मध्ये का? माझ्याकडे चपटी वेणी असते, कुर्त्याच्या काठाला लावायची. तीही दोरच का?

न्हावाशेवाकर
नाही ताई, चांगलं विचारलंत. चपटी किंवा सैल, शोभेची वेणी ५८०८ मध्ये जाते, गोंडे आणि लटकनंही तिथेच. ५६०७ मधली वेणी म्हणजे घट्ट, ताठ, बहुतेक नळीसारखी गोल, ओढ घेणारी. दोरी म्हणून वापरता येईल अशी. आणि चपटी पण मागावर विणलेली, ताणा-बाणा असलेली पट्टी असेल तर ती तिसऱ्याच ठिकाणी, ५८०६. पायजम्याची विणलेली नाडी ५८०६, वेणीची नाडी ५८०८.

मंगळवेढ्याची_ज्वारी
मग खाटंची नवार?

न्हावाशेवाकर
५८०६. भारताच्या टॅरिफमध्ये सुती नवारीला स्वतःची वेगळी ओळच आहे, ५८०६३१२०.

मंगळवेढ्याची_ज्वारी
लई भारी. दिल्लीत बसून कुणीतरी नवारीचा इचार केलाय म्हणायचा 😀

पीळदार
मी सूत विकतो, साखर पेठेत. आपल्याकडं टॉवेलला १० नंबर किंवा दोनपदरी २० (नंबर म्हणजे सुताची जाडी, नंबर मोठा तेवढं सूत बारीक) जास्त चालतं, त्यावरून हिशोब सांगतो म्हणजे आपल्या लोकांना पटकन समजंल. १० नंबरचं एकेरी सूत साधारण ५९० डेसिटेक्स. २०,००० ला भागा, ३४ धागे एकत्र पिळले की हद्द ओलांडली. हा कागदावरचा हिशोब. पीळ दिला की लांबी आटते, त्यामुळं तयार दोरीचं मीटरमागं वजन वाढतं आणि ३२-३३ धाग्यांतच २ ग्रॅम भरू शकतात. म्हणून धागे मोजून कोड ठरवू नका, तयार माल मोजा. आणखी एक. कापूस दमटपणा ओढतो. व्यवहारात कापसाला ८.५ टक्के ओलावा धरतात. मे महिन्यातल्या आपल्या सोलापूरच्या उन्हात तोललेली दोरी आणि जुलैत मुंबईच्या गोदीत तोललेली दोरी एक वजन देणार नाही. ज्याची दोरी मीटरला १.९५ च्या आसपास असंल त्यानं हे डोक्यात ठेवावं, बाकीच्यांना काळजी नाही.

बार्शी_लाइट
पीळदार यांचा ओलाव्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. हद्दीवरचा माल बनवूच नये, दोन धागे वाढवावेत नाहीतर कमी करावेत. बायरला फरक कळत नाही आणि भांडण कायमचं मिटतं.

हॅम्बुर्गकर
मी होटगी रोडचा, सध्या हॅम्बुर्गला फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे माल पाठवण्याच्या कामात, आहे. इकडची बाजू सांगतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, ब्रुसेल्सच्या वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनचे. पुढचे आकडे प्रत्येक देशाचे आपापले. त्यामुळे तुमचा भारतातला आठ आकडी कोड बायरला पाठवून 'हाच लाव' म्हणू नका, सहापर्यंत जुळवा आणि पुढचं त्याला बघू दे. युरोपात सिंथेटिक दोराला पुढं आणखी फाटे आहेत, मीटरला ५ ग्रॅमच्या वर की खाली, आणि वर असेल तर वेणीचा की नाही. म्हणजे बायरला तुमच्याकडून धाग्याचं प्रमाण आणि मीटरचं वजन लेखी लागणारच.

अमेरिकेचं तर त्याहून बारीक आहे. त्यांच्याकडे एक ओळ आहे फक्त तीन किंवा चारपदरी, अनेकरंगी, शेवटचा पीळ एस असलेल्या, किमान १० टक्के कापूस असलेल्या, ३.५ मिमीपेक्षा बारीक सुतळीसाठी. पीळ डावा की उजवा हेसुद्धा लिहून ठेवावं लागतं ते असं.

कडकभाकरी
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर पिळावर ड्युटी लागते राव!

सोलदोर
पोरांनो तुमचं वाचून बरं वाटलं. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या दोर वळायचं काम. घायपात पाण्यात कुजवायचा, ठेचायचा, वाख काढायचा, वाळवायचा, मग एकानं भिंगरी फिरवायची आन् दुसऱ्यानं वाख सोडत मागं मागं सरकायचं. तीन पदर येगळे वळून मग उलट्या अंगानं एकत्र पिळायचे, उलट्या अंगानं पिळलं न्हाई तर दोर हातातनं सुटला की उकलतो. नाडा, सोल, चऱ्हाट, कासरा, दावं, समदं घरात व्हायचं आन् बाजारच्या दिवशी इकायचं. नायलॉन आला आन् ते बसलं. आता माझा नातू म्हणतोय घायपाताचा दोर परदेशात मागत्यात, मांजराला नखं घासायला खांबावर गुंडाळत्यात. तर याचा नंबर काय, ते सांगा. त्याला धंदा सुरू करायचाय.

न्हावाशेवाकर
सोलदोर काका, नमस्कार. तुमच्या घायपाताला टॅरिफमध्ये स्वतंत्र जागा आहे. सिसल आणि घायपात एकाच कुळातले, अगेव्ह. त्या कुळाच्या धाग्याचा दोर ५६०७२९. शेतात पेंढ्या-गठ्ठे बांधायची सुतळी असेल तर ५६०७२१. नातवाचा दोर खांबाला गुंडाळायचा, तेव्हा २९. तुमचा दोर मीटरला २ ग्रॅमच्या कितीतरी वर जाणार, त्यामुळं सुताचा प्रश्नच नाही. नातवाला सांगा, बॉक्सवर आणि बिलावर 'घायपाताचा धागा, तीनपदरी, अमुक मिमी' असं स्पष्ट लिहायचं. नुसतं 'नॅचरल फायबर रोप' लिहिलं तर समोरचा अधिकारी ५६०७९० मध्ये टाकू शकतो. अंबाडीचा दोर असेल तर मात्र ५६०७९० बरोबर.

गाठीगाठी
सोलदोर काका, मला दोर बघायला यायचंय. मेसेज करते. तीन पदर उलट पिळायचं मी मुलींना क्लासमध्ये सांगते, पण वाखापासून वळताना कधी बघितलं नाही.

सोलदोर
ये की पोरी, कवाबी ये. भिंगरी अजून हाय.

मंगळवेढ्याची_ज्वारी
माझा पण एक प्रश्न लावून घ्या. लंडनच्या पाव्हण्यानी पोळ्याचा बैलाचा साज मागितलाय मंडळाच्या देखाव्याला, कासरा, वेसण, मुसकी, म्होरकी, गोंडे, झूल. समदं दोरीचंच की. ५६०७?

बार्शी_लाइट
माझ्या मते ५६०९. दोरीच्या तयार वस्तू ५६०९ मध्ये.

न्हावाशेवाकर
दोन्ही नाही. जनावराचा साज, कुठल्याही जनावराचा आणि कुठल्याही मटेरियलचा, ४२०१ मध्ये जातो. चामड्याच्या धड्यात (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे धडा) आहे म्हणून लोक तिकडं बघतच नाहीत. मुसकी, झूल, कासरा तिथंच. कुत्र्याचा पट्टासुद्धा. गोंडे सुटे पाठवले तर ५८०८. दाव्याचं जरा बघावं लागतं, बैलाला बांधायचं म्हणून तयार केलेलं, गाठ-फास मारलेलं दावं ४२०१ म्हणता येईल, पण नुसता दोराचा भेंडोळा पाठवून बिलावर 'दावे' लिहिलं तर तो ५६०७.

@बार्शी_लाइट ५६०९ मध्ये काय ते आता इथेच सांगतो, कारण धागाकर्त्याच्या कन्सल्टंटनं तेच सुचवलंय. दोर कापून टोकाला फास केला, हूक लावला, कडी लावली, म्हणजे त्याची वस्तू झाली, ती दुसऱ्या कुठल्या नेमक्या हेडिंगात बसत नसेल तर ५६०९. गाडी ओढायचा दोर, हूकवाली कपडे वाळत घालायची दोरी, दोराची शिडी, माल उचलायचा स्लिंग. नुसती लांबीला कापलेली किंवा गोळा केलेली दोरी ५६०९ होत नाही. 'सगळं बसतं' असं समजून तिथं टाकणं चूक आहे. गाठी मारलेलं जाळं ५६०८, आणि तारेचा दोर तर पार ७३१२.

कडकभाकरी
आमच्या मावशी दिवाळीला वाती पाठवतात अमेरिकेला. त्या?

न्हावाशेवाकर
विणलेली किंवा वेणीची वात ५९०८. हातानं वळलेली कापसाची फुलवात त्यात नाही. तिला वेगळा धागा काढा, इथं टॉवेलवाल्यांचं राहून जाईल.

पीळदार
जीएसटीचं पण कुणीतरी लिहा. २०१७ पासून बरीच वर्षं सुती सुताला ५ टक्के आणि ५६०७ च्या सुती दोराला १२ असं होतं. त्यामुळं लोक जाड दोरीलाही सूत म्हणून बिलं फाडायचे. एक ओळखीचा व्यापारी याच्यातच अडकला, नोटीस आली आणि मागच्या सगळ्या बिलांचा फरक व्याजासकट मागितला. वाईट याचं वाटतं की त्याचा माल चांगला होता, फसवायचा हेतू नव्हता, त्याला हे २ ग्रॅमचं कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या पेठेत चादरीचं, टॉवेलचं सगळं पाठ असतं, दोरीचं कुणाला माहीत नाही.

हॅम्बुर्गकर
अगदी बरोबर. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यांचा ६३०२ सगळ्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. दोरी नवीन आहे म्हणून त्रास. आणि टॉवेलच्या सवयीनं एक गोष्ट धरू नका, ६१, ६२, ६३ या धड्यांना निर्यातीची आरओएससीटीएल ही कर परत मिळायची योजना आहे, ५६ व्या धड्याच्या दोरीला ती नाही, तिथं रोडटेप ही वेगळी परताव्याची योजना. भाव काढताना टॉवेलचाच फायदा दोरीवर धरून कोटेशन दिलं तर मार्जिन जाईल.

टॉवेलवाला_एमआयडीसी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी ओळखीच्या सराफाकडं जाऊन तिन्हींचे दहा-दहा मीटर तोलले.
१ मिमी : ८.६ ग्रॅम. म्हणजे मीटरला ०.८६, सूत.
३ मिमी : ४३ ग्रॅम. मीटरला ४.३, दोर. ५६०७.
५ मिमी वेणी : ११२ ग्रॅम.
पहिल्याला बायर म्हणतो तसं ५२०५ च धरायचं का मग? आणि ५ मिमीला आम्ही सुती दोर म्हणून ५६०७९०२० लिहिणार आहोत, बरोबर ना?

न्हावाशेवाकर
दोन्हीवर थांबा.

१ मिमी सूत आहे हे पक्कं. पण तुम्ही १०० मीटरचा गोळा देताय, म्हणजे ८६ ग्रॅम. किरकोळ विक्रीसाठी बांधलेलं सुती सूत ५२०७ मध्ये जातं. या जाडीच्या पदरी सुताच्या गोळ्याला ५०० ग्रॅमपर्यंत किरकोळ धरतात, कागदी नळीवर गुंडाळलं तर नळीसकट १२५ ग्रॅमपर्यंत. तुमचं दोन्हीकडं आतच. तेव्हा ५२०७. हाच माल तुम्ही कारखान्यासाठी मोठ्या कोनवर (शंकूसारख्या रिळावर) दिला असता तर बायरचं ५२०५ बरोबर ठरलं असतं. तेव्हा एक काळजी, ५२०५ च्या आतल्या ओळींमधलं डेसिटेक्स एकेका पदराचं असतं, अख्ख्या दोरीचं नाही. १० नंबर वापरलं असेल तर ५९० बघायचं, ८,६०० नाही. यात भलेभले गडबडतात.

५ मिमीचं : गाभा तोलला का? एक मीटर घ्या, वरची वेणी सोडवा, सूत वेगळं, पॉलिस्टर वेगळं. मिश्र मालात वजनानं जो धागा जास्त, माल त्याचा.

गाठीगाठी
पण दादा, बाहेरून दिसतं ते पूर्ण सूत. ग्राहक सुती दोरी म्हणूनच घेतो. मग गाभ्यावरून का ठरवायचं? मला हे पटत नाही.

न्हावाशेवाकर
ताई, तुमचं म्हणणं दुकानाच्या काउंटरवर बरोबर आहे. पण नियम वजनाचा आहे, दिसण्याचा नाही, आणि तो बरा आहे. दिसण्यावर ठेवलं असतं तर प्रत्येक बंदरात प्रत्येक अधिकाऱ्याचं वेगळं मत. ओलाव्याचा थोडा फरक सोडला तर वजन हॅम्बुर्गला आणि न्हावाशेवाला सारखंच येतं.

टॉवेलवाला_एमआयडीसी
सोडवलं. एका मीटरमध्ये सूत ४.८ ग्रॅम, पॉलिस्टर ६.४.

न्हावाशेवाकर
मग हा पॉलिस्टरचा दोर झाला, ५६०७५०. भारतात ५६०७५०९०. आणि बिलावर 'कॉटन रोप' असं लिहू नका.

हॅम्बुर्गकर
युरोपात हा ५६०७५०११ ला जाईल, पॉलिस्टर, ५ ग्रॅमच्या वर, वेणीचा. बायरला आजच कळवा, त्यानं सुती धरून हिशोब मांडला असेल.

टॉवेलवाला_एमआयडीसी
कळवलं. आम्ही गाभा बारीक करून सूत वाढवायचा विचार करतोय, कारण बायरला सुतीच हवंय. मग ५६०७९०२० होईल ना?

पीळदार
होईल, पण निम्म्याला निम्मं ठेवू नका मालक. सूत चांगलं ६५-७० टक्क्यांवर न्या. ओलाव्याचं वर लिहिलंय ते इथंपण लागू, कापूस ओलावा धरतो, पॉलिस्टर जवळजवळ नाही. काठावर असला तर वाळवून तोलल्यावर उलटं येऊ शकतं.

बार्शी_लाइट
मोठी ऑर्डर असेल आणि तरी शंका राहिली तर मुंबईत कस्टम्सची ॲडव्हान्स रूलिंग अथॉरिटी आहे, माल पाठवायच्या आधी लेखी निर्णय मिळतो. जर्मनीचा बायर त्याच्या बाजूनं तिकडच्या कस्टम्सकडून बंधनकारक निर्णय घेऊ शकतो. अमेरिकेच्या कस्टम्सचे जुने निर्णय तर इंटरनेटवर फुकट वाचता येतात, दोरीवरचे भरपूर आहेत. आपल्याला बंधनकारक नाहीत, पण अधिकारी कसा विचार करतो ते कळतं.

टॉवेलवाला_एमआयडीसी
शेवटचं एकच. बिलावर वर्णन कसं लिहू?

न्हावाशेवाकर
तीन नगांना तीन ओळी, एकत्र करू नका. प्रत्येक ओळीत : धागा आणि वजनानं टक्के, पिळाची की वेणीची, किती पदर, किती मिमी, मीटरला किती ग्रॅम, बांधणी कशी. उदाहरणार्थ दुसऱ्याला '१०० टक्के सुती दोरी, पिळाची, तीनपदरी, ३ मिमी, मीटरला ४.३ ग्रॅम, वेणी नाही'. प्रत्येकाचा एक मीटरचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून, बाजूला वजन लिहून, सीएचएला द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. अधिकाऱ्यानं विचारलं की कागद शोधत बसायला नको, पुठ्ठा पुढं करायचा.

सोलदोर
नातवाला हे समदं वाचून दाखवलं. पुठ्ठा त्यानं आजच करायला घेतला.